पेवावरची फरशी

फरशी बघायला कुंडलिक एकटाच गेला. पोरगा शिवराज म्हणत होता, "आप्पा, सुट्टीदिवशी दोघं मिळून जाऊ." पण चिंचोळीच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाची सुट्टी, तिचा काय भरवसा? कुंडलिकनं भाकरी खाल्ली, डोक्याला टॉवेल गुंडाळला, काठी उचलली आणि ऊन चढायच्या आत होटगी रोडच्या टाईलच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

दुकानदार एकेक टाईल दाखवायचा आणि हा गडी काठीच्या टोकानं ती वाजवून बघायचा.

"काका, असं ठोकू नका. फुटंल ती."

"काठीनं फुटणारी फरशी घिऊन मी काय करू? देव्हाऱ्यात पुजू?" कुंडलिक म्हणाला. "माझं माणूस चालणार हाय तिच्यावर. मोडक्या पायाचं."

दुकानदारानं पुढची टाईल काढली. शेवटी कुंडलिकनं खरबरीत, राखाडी, पाय न घसरणारी टाईल निवडली. दिसायला अगदी भिकार. पण फरशी काय आरशासारखी तोंड बघायला असते का? चालायला असते.

माणूस म्हणजे रंभाबाई, त्याची बायको. सोलापूरच्या कसब्यात एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं घर, ओळीनं तीन खोल्या. मार्केट यार्डात हमाली करून कुंडलिकनं ते जुनंच विकत घेतलं होतं. सगळीकडं शहाबादी फरशी, पाय फिरून फिरून गुळगुळीत झालेली. मधल्या खोलीला खिडकी नाही. भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्या खोलीच्या मधोमध एक फरशी डुलायची. कुंडलिकनं तिच्याखाली किती वेळा वाळू सारली, सिमेंट ओतलं. थोडे दिवस गप बसायची, पुन्हा डुलायला लागायची. एका सकाळी रंभाबाई कळशी घेऊन तिच्यावरून गेली आणि खुब्यावर पडली. दवाखान्यात सळई घालून हाड जोडलं. डॉक्टर स्पष्ट बोलला, "आता परत पडल्या तर उठायच्या नाहीत." कुंडलिकला स्पष्ट बोलणारी माणसं आवडायची, पण त्या दिवशी त्या डॉक्टरचं तोंड फोडावंसं वाटलं त्याला.

रंभाबाई घरी यायच्या आत फरशी बदलायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

ठेकेदार शिवराजनं गाठून दिला. नंदीश त्याचं नाव. कानाला फोन, डोळ्याला काळा चष्मा. घरात आला तरी चष्मा काढायचा नाही. "काका, टेन्शन घिऊ नका," हे त्याचं पालुपद. ज्यानं काळजी करायची तोच टेन्शन घेऊ नका म्हणायला लागला की घरमालकानं दुप्पट काळजी करावी, हे कुंडलिकचं मत. नंदीशच्या हाताखाली अतीक नावाचा गवंडी होता. मंगळवेढ्याकडचा, चाळिशीतला, बोलायला कमी. हात बरा होता त्याचा. पण हात कितीही बरा असला तरी हुकूम नंदीशचा.

डुलणारी फरशी उचलली तेव्हा खाली माती लागली नाही. गोल दगड लागला, मोठ्या परातीएवढा, कडेनं चुना भरलेला. अतीकनं पहार घालून तो कलता केला, आणि आतला वास वर आला. जुन्या ज्वारीचा, कोंदट, आंबूस. पण त्या वासाखाली आणखी एक वास होता, नाकापेक्षा जिभेवर बसणारा. माणूस आजारपणातून उठल्यावर अंथरुणाला येतो तसला.

"पेव हाय," अतीक म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. जेऊरला कुंडलिकच्या बापाच्या घरातही होतं. पण ह्या घरात इतकी वर्षं राहून, जेवून, झोपून आपल्या पायाखाली पेव आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. घर विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, ते विचारायला तो आता जिवंत नव्हता.

"झालं, सोपं हाय," नंदीश म्हणाला. "मुरूम वतायचा, वर काँक्रीट, वर टाईल."

"झालं म्हनं!" कुंडलिक उसळला. "आधी उघडं राहू दे, हवा खेळू दे. मग मुरूम थराथरानं घाल, पाणी मार, धुम्मस मारून एकेक थर दाब. एका दमात वतलास तर पावसाळ्यात खचंल. आन तोंड बंद करायच्या आधी घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची."

"नावं? कसली नावं?"

"आमच्याकडं बी घेतात," अतीक हळूच म्हणाला. "बरोबर हाय चाचांचं."

चाल जुनी आणि साधी. पेवात उतरलेल्या माणसाला आतल्या कुबट हवेनं भोवळ यायची. वरच्यांना पत्ता नसायचा आणि झाकण बसायचं. म्हणून तोंड बंद करताना घरातल्या एकेकाचं नाव घेऊन पेवात हाक मारायची. ज्याचं नाव घेतलं त्यानं वरून, सगळ्यांच्या देखत म्हणायचं, "ओ, हितं हाय." सगळे वर आहेत हे पटलं की मग झाकण. कुणी गावाला गेलं असेल तर ते येईपर्यंत थांबायचं. नसलेल्या माणसाचं नाव पेवात कधी घ्यायचं नाही. का, ते कुंडलिकच्या बापानं सांगितलं नव्हतं. एकदा विचारलं तर कानाखाली वाजवली होती.

"उद्या रंभा घरी येतीय," कुंडलिक म्हणाला. "ती आली की नावं घिऊ. तवर ह्याला हात लावायचा न्हाय."

"काका, टेन्शन घिऊ नका."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यानं सोडता सोडता दिवस घालवला. मोठा डॉक्टर आला नाही, आला तर कागद सापडेना, कागद सापडला तर सही राहिली. रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती. कुंडलिक आधी आत गेला. मधल्या खोलीत राखाडी टाईल सपाट, सरळ, भिंतीपासून भिंतीपर्यंत बसली होती. अतीक दाराशी थापी धूत होता. वर बघत नव्हता.

"कुणाला इचारून झाकलंस?" कुंडलिक ओरडला.

"काका, तिकडं सैफुल भागात माझं दुसरं काम खोळंबलंय," नंदीश म्हणाला. "मुरूम भरला, धुम्मस मारलं, तुमची ती नावं बी घेतली. अतीकला इचारा."

"व्हय चाचा... घेतली."

"आमी कुणीच न्हवतो की हितं! रंभाचं बी घेतलंस?"

अतीकनं थापी पुसली, पिशवीत टाकली. 

बाहेरून स्ट्रेचरवरनं रंभाबाईचा आवाज आला, "अवो, आधी मला खाली उतरवून घ्या, मग भांडा. मी काय दारात टांगून ऱ्हाऊ का?"

दोन-चार दिवस तिला पुढच्या खोलीत ठेवलं. मग टाईल धरल्यावर तिची खाट मधल्या खोलीत नेली, आतल्या भिंतीच्या कडेला. सोलापुरातला मे महिना, पत्र्याखाली माणूस भाजून निघायचं. गार खोली ती एकच.

कुंडलिकनं काठी घेतली आणि टाईल वाजवायला लागला. चांगली बसलेली टाईल ठक् बोलते. खाली माल कमी पडलेली टाईल बोदी बोलते, आत रिकामं मडकं असल्यासारखी. खोलीभर ठक् ठक् झालं. मधोमध, पेवाच्या तोंडावर, बद्.

"बघ," तो म्हणाला. "चार दिवसातच पोकळ. आन म्हनं धुम्मस मारलं."

"तुमी आख्खं सोलापूर वाजवून बघितलं तरी तुमाला पोकळच लागंल," रंभाबाई खाटेवरनं म्हणाली. "लग्नात मला बघायला आलावता तवा वाजवून घेतलीवती का?"

"तवाच वाजवाया पायजे हुतं."

ती हसली. हसताना खुबा दुखला म्हणून चेहरा वाकडा केला, आणि तरी हसली. कुंडलिकला बरं वाटलं. तसं तो दाखवणार नव्हताच.

दुसऱ्या सकाळी त्यानं पुन्हा वाजवलं. मधली टाईल ठक् बोलली. भक्कम. तिच्या शेजारची, खाटेच्या बाजूची, कालपर्यंत भक्कम असलेली, ती बोलली बद्.

आपलंच चुकलं असेल. त्यानं खडू आणला आणि बोद्या टाईलवर फुली मारली.

त्याच दिवशी दुपारी परसात कपडे वाळत घालताना त्यानं हाक मारली, "रंभे, गोळी घेतली का गं?"

"ओ," आतनं आलं. आणि लगेच, "ओ."

"दोन डाव कशाला वरडतीस? भैरा हाय का मी?"

"एकदाच बोलले की. कानात मळ झालाय तुमच्या."

नवी फरशी, मोकळी भिंत, आवाज घुमत असेल. असं मनाशी म्हणून त्यानं पायजमा पिळला. पण पिळता पिळता हात थांबले. दुसरी ओ पहिलीसारखीच होती, तिचीच होती. फक्त ती खोलीतून आली नव्हती. विहिरीच्या तळातून कुणी वर बोलावं, तशी आली होती.

पुढं रोज हेच. रोज सकाळी फुलीची टाईल भक्कम झालेली आणि तिच्या पुढची बोदी. फुल्यांची ओळ खाटेकडं निघाली, वाकडी नाही, तिरकी नाही, सरळ. खोलीत सिमेंटचा वास मरून गेला आणि दुसरा वास यायला लागला. जुन्या ज्वारीचा. रंभाबाईला वॉकर धरून चालायचा सराव करायचा होता, पण कुंडलिक तिला खाटेवरून उतरू देईना.

"अवो, डागदर म्हणला चाला. न्हायतर पाय आखडंल."

"थांब जरा. फरशी भुसभुशीत हाय."

"कुटं भुसभुशीत? दगड हाय दगड." मग ती म्हणाली, "अवो... तुमी दुपारी मला हाका मारता का? झोपल्यावर?"

"न्हाय. का?"

"मी झोपंत ओ देते वाटतं. माझ्याच आवाजानं जाग येती." ती हसली नाही. "पर जाग येती तवा माझं तोंड मिटल्यालं असतं."

कुंडलिकनं नंदीशला फोन लावला. फोन नव्हे, शिव्याच त्या. नंदीश टाळायचा तेवढा टाळून शेवटी आला, अतीकला घेऊन. शिवराज रात्रपाळी करून घरीच होता. दुपारची वेळ, वीज गेलेली. मधल्या खोलीत शिवराजनं बॅटरी धरली.

"काका, टाईलखाली हवा ऱ्हाती कधी कधी," नंदीश म्हणाला. "घराला काय होत न्हाय त्येनं. बघा, तुमच्यासमोर काढून दावतो."

कुंडलिकनं बोदी टाईल दाखवली. खाटेपासून हातभर लांब. अतीकनं ती अलगद उचकटली. खाली माल गच्च भरलेला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. बोट घालायला जागा नाही.

"बघा," नंदीश म्हणाला. "फुकट वरडता राव तुमी."

अतीकनं नवा माल पसरून टाईल परत बसवली, रबरी हातोड्यानं ठोकली. ठक्. भक्कम. कुंडलिकनं न बोलता काठी पुढं केली आणि पुढची टाईल वाजवली.

बद्.

"ही आत्ता भक्कम हुती," शिवराज म्हणाला. "मी आत्ताच तिच्यावर उभा हुतो की."

नंदीशनं ती स्वतः काढली. खाली गच्च माल. परत बसवली. ठक्. तिच्या पुढची, खाटेच्या पायाला लागून असलेली... बद्.

नंदीशनं चष्मा काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे डोळे दिसले. साधेच होते, भ्यालेले.

"अतीक," कुंडलिक म्हणाला. "नावं कशी घेतलीस ते सांग मला."

अतीक उकिडवा बसला होता. 

"चाचा, मी म्हणलं थांबू. हे म्हणले झाक. मला वाटलं, न घेण्यापरीस घेतल्याली बरी... म्हणून मीच घेतली. तुमचं नाव घेतलं. आवाज न्हाय. शिवराजभाऊचं घेतलं. आवाज न्हाय. मग चाचींचं घेतलं..."

"मग?"

"ओ आली."

 खाटेवर रंभाबाईनं पदर तोंडाला लावला.

"कुटनं?"

"खालनं." अतीकनं घसा साफ केला. "हे म्हणले शेजारच्या गोजाबाईनं ओ दिली असंल. मी मुरूम वतला. ट्रॉलीवर ट्रॉली. गळ्यापर्यंत भरला चाचा, माझ्या पोराची शप्पत, गळ्यापर्यंत भरला आन धुम्मस मारलं. पर मारताना... वर मारलं की खालनं बी मारल्यासारखं व्हायचं."

शिवराज म्हणाला, "आप्पा, आईला घिऊन जाऊ हितनं. आत्ताच्या आत्ता."

ते खरं शहाणपणाचं होतं. पण कुंडलिकच्या डोक्यात बापाची चाल बसली होती. नसलेल्या माणसाचं नाव घेतलं गेलं, चूक झाली. मग आता असलेल्या माणसानं वरून, स्वतःच्या तोंडानं ओ द्यायची, म्हणजे हिशेब मिटेल. म्हातारा माणूस, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

"फोडा," तो म्हणाला. "तोंड उघडा. रंभा हाय आता हितं. ती वरनं ओ दिईल."

मधली टाईल निघाली. काँक्रीट पहारीनं फोडलं. गोल दगड अतीक आणि नंदीश दोघांनी मिळून बाजूला घेतला आणि शिवराजनं बॅटरी आत धरली.

मुरूम नव्हता. गळ्यापर्यंत भरलेला, ठोकलेला, पाणी मारलेला मुरूम, त्याचा खडा नव्हता. उजेड थोडा आत गेला आणि संपला. वास मात्र आता नुसता ज्वारीचा राहिला नव्हता.

"आईशप्पत काका," नंदीश पुटपुटला, "भरला हुता..."

कुंडलिकनं रंभाबाईला खाली उतरवलं. वॉकरला धरून, शिवराजच्या आधारानं ती त्याच्या मागं येऊन उभी राहिली. कुंडलिक गुडघ्यावर बसला आणि पेवाच्या तोंडावर वाकला.

"शिवराज!"

"ओ, हितं हाय," शिवराज म्हणाला. 

पोरानं बापाचं नाव घेऊ नये म्हणून अतीकनं हाक मारली, "कुंडलिकचाचा!"

"ओ, हितं हाय."

मग कुंडलिकनं श्वास घेतला. आयुष्यभर ही हाक त्यानं बोळभर ऐकू जाईल अशी मारली होती. आज ती तोंडातून निघेना.

"रंभे..."

"ओ... हितं हाय."

स्वच्छ, तिचाच आवाज. दवाखान्यातनं आल्यापासून बोलताना तिला जरा धाप लागायची, ती धापसुद्धा. नंदीशनं सुटकेचा श्वास टाकला, हसलाही जरा. अतीकनं दगडाला हात घातला. कुंडलिकच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"बास. झाक," तो म्हणाला.

त्याच्या मागनं, अगदी कानाजवळ, रंभाबाई कुजबुजली.

"अवो... थांबा की. मी अजून बोललेच न्हाय."

कुंडलिकनं मान वळवली. ती वॉकर धरून उभी होती, ओठ सुकलेले, डोळे त्याच्यावर. "देऊ का आता?" तिनं विचारलं, आणि ओ द्यायला तोंड उघडलं.

त्यानं उठून तिच्या तोंडावर हात दाबला. का दाबला, ते त्याला सांगता आलं नसतं. एका नावाला एक ओ येऊन गेली होती. दुसरी दिली तर दोघी झाल्या. मग कुठली वर राहायची आणि कुठली खाली, हे ठरवायला कोण बसलं होतं तिथं? तळहातावर तिचा श्वास लागत होता, गरम, भराभर. कुंडलिक त्या श्वासाकडं लक्ष देऊन उभा राहिला. तेवढाच काय तो पुरावा होता त्याच्याजवळ.

पेवातनं पुन्हा ओ आली नाही. दुसराच आवाज आला. ठक्... खोल, बारीक. मग जरा सरकून... ठक्. पुन्हा सरकून... ठक्. कुणीतरी खालून वाजवून बघत होतं. एकेक टाईल. सावकाश. सगळ्यांच्या नजरा त्या आवाजाबरोबर फरशीवरनं सरकत गेल्या, खडूच्या फुल्यांवरनं, खाटेकडं. खाटेखाली तो आवाज थांबला. तिथं त्यानं एकदा वाजवलं, परत एकदा वाजवलं. जागा सापडल्यासारखा.

बद्. बद्.

तासाभरात कुंडलिक आणि रंभाबाई घराबाहेर होते. गाडी करून ते जेऊरला गेले, कुंडलिकच्या पुतण्याकडं, ज्ञानूकडं. मागं अतीकनं आणि नंदीशनं ते तोंड कशानं झाकलं, कसं झाकलं, कुंडलिकनं कधी विचारलं नाही. शिवराजनं चिंचोळीजवळ खोली घेतली. घराला कुलूप.

ज्ञानूचं घर मळ्यात, बापाचं जुनं घर कधीच पडलं होतं. हे नवं, विटांचं. अंगण मात्र शेणानं सारवलेलं. पहिल्या दिवशी कुंडलिक अंगणभर काठी वाजवत फिरला. माती काही बोलली नाही. मातीला काठी लागते तसा बसका आवाज, सगळीकडं एकच. तेव्हा कुठं त्याला घोटभर पाणी गेलं.

एक हुकूम मात्र त्यानं घरात सोडला. म्हातारीला नावानं हाक मारायची नाही. काकी म्हणा, आजी म्हणा, काय वाट्टंल ते म्हणा. स्वतःही तो तिला नुसतं "अगं" म्हणायला लागला.

"ह्या वयात नाव टाकलं ह्यांनी माझं," रंभाबाई बायकांना सांगायची. "बायको टाकायची हिंमत न्हाय, म्हणून नाव टाकलं."

बायका हसायच्या. म्हातारा हललाय, असं गावानं ठरवलं. ठरवू दे. पावसाळा गेला. रंभाबाई वॉकर सोडून काठीवर आली. चालताना तिच्या पायाखाली कुंडलिक कान लावून असायचा. कधी काही वाजलं नाही. खुब्याचं हाड बसलं. थंडीत सकाळी ती अंगणात बाजेवर उन्हाला बसायची, पाय खाली सोडून, आणि कोंबड्यांना ज्वारीचे दाणे टाकायची. कुंडलिक समोरच्या पायरीवर बसून तिच्या चुका काढायचा. असं करता करता माणूस विसरायलाही लागतो.

ज्ञानूची सून नवीनच घरात आली होती. तिला हुकूम कुणी सांगितला नव्हता. त्या सकाळी चुलीपुढनं तिनं मोठ्यानं हाक मारली, "रंभाआज्जी! चहा देऊ का?"

कुंडलिकचा हात पायरीवर जागच्या जागी राहिला. रंभाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिनं ओ दिली नाही. दोघांनी वाट बघितली. लांब कुणाच्या तरी मोटारीचं इंजिन धडधडत होतं, बाकी काही नाही. कुठूनही, काहीही नाही.

कुंडलिकनं श्वास सोडला. तेवढ्यात त्याचं लक्ष कोंबड्यांकडं गेलं.

टिपत असलेल्या कोंबड्या एकदम थांबल्या होत्या. माना वर. मग त्या पुन्हा टिपायला लागल्या, पण बाजेपुढची एक जागा सोडून. तिच्या कडेकडेनं जायच्या, आत चोच घालायच्या नाहीत. अंगणातले सगळे दाणे संपले. त्या जागेतले तेवढे तसेच पडून राहिले, पांढरेशुभ्र, परातीएवढ्या गोलात.

काल संध्याकाळीच सारवलेलं अंगण. चीर नाही, भेग नाही, मुंगीचं भोकसुद्धा नाही.

त्या गोलातला एक दाणा खाली गेला. कुणी बोटानं दाबल्यासारखा, अलगद. मग त्याच्या शेजारचा. मग बाजेच्या बाजूचा.

 रंभाबाईनं दोन्ही हातांनी दुखरा पाय उचलला, मग दुसरा, आणि दोन्ही पाय बाजेवर घेतले.